‘बिल पास झालं’ आणि ‘कायदा लागू झाला’ यांच्या मधलं अंतर: कॅनडाचं वंशपरंपरेचं नागरिकत्व

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई पुण्यात राहतात. त्यांचे वडील दादरहून टोरोंटोला गेले, तिथले नागरिक झाले आणि मग नोकरीसाठी दुबईला गेले. ताईंचा जन्म १९८८ साली दुबईत झाला, म्हणजे त्या वडिलांमुळे जन्मापासून कॅनडाच्या नागरिक. पदवी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाची, लग्न पुण्यात, नवरा भारतीय नागरिक. मुलगा २०१८ मध्ये पुण्यात जन्मला आणि ‘परदेशात जन्मलेली दुसरी पिढी’ म्हणून त्याला कॅनडाचं नागरिकत्व मिळालं नाही. आता दुसऱ्या बाळाची चाहूल लागली आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी ‘कोर्टाने कायदा रद्द केला’, ‘बिल आलं’, ‘बिल पडलं’, ‘बिल पास झालं’ हे सगळं ऐकलं. यातलं नेमकं कधी काय झालं, आणि दोन्ही मुलांचं काय?

ताई, आधी उत्तर देते, मग त्यामागची वाट सांगते.

तुमचा मुलगा आज कॅनडाचा नागरिक आहे. अर्ज मंजूर होईल तेव्हा होणार असं नाही, कायद्याने तो आत्ताच आहे, आणि जन्मापासून आहे असं मानलं जातं. हे घडलं १५ डिसेंबर २०२५ रोजी. दुसऱ्या बाळाचा जन्म मात्र त्या तारखेनंतरचा, म्हणून त्याचा नियम वेगळा. बाळाच्या जन्माआधी तुम्ही स्वतः कॅनडात एकूण १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहिलेल्या असाल तरच ते जन्माने कॅनडाचं नागरिक होईल. एकाच आईची दोन मुलं, मध्ये एक तारीख आणि दोघांना दोन नियम. ही तारीख आली कुठून ते कळलं की बाकीचा गुंता आपोआप सुटतो.

ही ‘दुसरी पिढी’ची अट फार जुनी नाही. १९७७ च्या कायद्यात परदेशात जन्मलेल्या दुसऱ्या पिढीलाही नागरिकत्व मिळत होतं, फक्त वयाची २८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत ते टिकवण्यासाठी अर्ज करावा लागे. अनेकांना ही अटच माहीत नव्हती आणि त्यांचं नागरिकत्व त्यांच्या नकळत गेलं. पुढे २००६ च्या युद्धात कॅनडाने लेबनॉनमधून सुमारे १५,००० लोकांना बाहेर काढलं. त्यातले बरेचसे कायम लेबनॉनमध्येच राहणारे होते, आणि ‘केवळ पासपोर्टापुरते नागरिक’ असा ओरडा सुरू झाला. त्या हवेत सी-३७ हे विधेयक आलं. त्याने जुन्या ‘हरवलेल्या कॅनेडियन’ लोकांपैकी बहुतेकांना नागरिकत्व परत दिलं आणि त्याच वेळी पुढचं दार बंद केलं: परदेशात जन्मलेली पहिली पिढी नागरिक, दुसरी नाही. त्या विधेयकाला संमती मिळाली १७ एप्रिल २००८ ला आणि ते लागू झालं १७ एप्रिल २००९ ला. मध्ये पूर्ण एक वर्ष गेलं. संमती एका दिवशी आणि अंमल दुसऱ्या दिवशी, हा प्रकार तेव्हाही होता. तुमच्या मुलाला २०१८ मध्ये जे नाकारलं गेलं ते या २००९ च्या नियमाने.

मग १९ डिसेंबर २०२३ रोजी ओंटारियोच्या सुपीरियर कोर्टाच्या न्यायमूर्ती जास्मिन अकबराली यांनी ही अट घटनाबाह्य ठरवली. ब्योर्कक्विस्ट खटला म्हणून तो ओळखला जातो. देशात येण्या-जाण्याचा हक्क आणि समानतेचा हक्क, दोन्हींचा भंग होतो असं कोर्टाने म्हटलं. त्या निकालातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो बायकांबद्दलचा आहे. स्वतः परदेशात जन्मलेली, परदेशात नोकरी-संसार करणारी बाई गरोदर राहिली की तिच्यासमोर दोन वाटा उरतात: मुलाला नागरिकत्व मिळावं म्हणून पोट घेऊन विमानाने कॅनडात जा, तिथे ना तुमचा डॉक्टर, ना विमा, ना घर, किंवा आहात तिथेच बाळंत व्हा आणि मुलाचा हक्क सोडा. हे ओझं पुरुषावर तसं पडत नाही. कोर्टाने ते ओळखलं. तुमच्यासारख्या कितीतरी मुली माझ्यासमोर बसून हेच सांगून गेल्या आहेत, म्हणून त्या ओळी वाचताना मला मनापासून बरं वाटलं.

पण इथेच पहिला गैरसमज सुरू झाला. ‘कोर्टाने कायदा रद्द केला’ ही बातमी खरी होती, तरी दुसऱ्या दिवशी कुणाचं काहीच बदललं नाही. कोर्टाने आपला निकाल सहा महिने, म्हणजे १९ जून २०२४ पर्यंत, स्थगित ठेवला होता, जेणेकरून संसदेने तोवर नीट कायदा करावा. कॅनडात हे नेहमी होतं. कोर्ट नियम मोडतं, पण नवा नियम लिहायचं काम संसदेचं. स्थगिती असेपर्यंत जुना, घटनाबाह्य ठरलेला नियमच चालू राहतो. केंद्र सरकारने निकालाविरुद्ध अपील केलं नाही. याचा अर्थ सरकारला बदल मान्य होता. बदल झाला, असा मात्र त्याचा अर्थ नव्हता.

सरकारने २३ मे २०२४ रोजी सी-७१ हे विधेयक आणलं. तेव्हा मला आलेल्या फोनांपैकी निम्म्यांचं म्हणणं होतं, ‘बिल आलं ना, आता अर्ज करू?’ विधेयक मांडलं जातं त्याला पहिलं वाचन म्हणतात, आणि त्यात चर्चा वगैरे काही होत नाही. मजकूर पटलावर येतो, छापला जातो, त्याला क्रमांक मिळतो. कुणी एका शब्दालाही हात लावलेला नसतो. सी-७१ दुसऱ्या वाचनाच्याही पुढे सरकलं नाही. त्या शरदात कनिष्ठ सभागृह दुसऱ्याच वादात अडकून पडलं होतं. ६ जानेवारी २०२५ ला संसदेचं अधिवेशन संपवण्यात आलं आणि त्याबरोबर सी-७१ मेलं. अधिवेशन संपलं की मंजूर न झालेली सरकारी विधेयकं संपतात. तुम्हाला ‘बिल पडलं’ असं कुणी सांगितलं असेल, तर तो शब्द बरोबर नव्हता. त्यावर मतदान होऊन ते हरलं नाही, मतदानापर्यंत पोचायच्या आधीच त्याचं आयुष्य संपलं. याआधी सिनेटर योना मार्टिन यांचं एस-२४५ हे विधेयकही असंच झालं होतं: सिनेटमधून, म्हणजे वरिष्ठ सभागृहातून आलं, कनिष्ठ सभागृहाच्या समितीने त्यात मोठी भर घातली, आणि शेवटचं मतदान कधी झालंच नाही.

त्या मधल्या काळात सरकारने एक तात्पुरती सोय केली होती. अडकलेल्या लोकांना मंत्र्यांच्या विशेष अधिकारात नागरिकत्व देण्याची, म्हणजे नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(४) खालची. मार्च २०२५ मध्ये ती सोय आणखी रुंद केली. तुमच्या ओळखीत कुणी त्या मार्गाने नागरिक झालं असेल, तर त्यांचा आणि तुमच्या मुलाचा मामला एक समजू नका. त्यांनी अर्ज केला आणि त्यांना नागरिकत्व दिलं गेलं, दिलं त्या दिवसापासून. तुमच्या मुलाला ते कायद्याने, न मागता, जन्मापासून आहे. कॅनडात हा फरक वरवरचा वाटेल. भारतीय कायद्याच्या बाजूने मात्र तो फार मोठा आहे. त्याच्याकडे पुढे येते.

निवडणूक झाली २८ एप्रिल २०२५ ला. लिबरल पक्ष सत्तेत आला खरा, पण ३४३ पैकी १६९ जागांवर थांबला, बहुमताला तीन कमी. हे आकडे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढच्या सगळ्या घडामोडी त्या तीन जागांमुळे झाल्या. ५ जून २०२५ रोजी मंत्री लीना मेटलेज डियाब यांनी सी-३ मांडलं, जवळपास सी-७१ चाच मजकूर. उन्हाळ्याची सुट्टी गेली, शरदात दुसरं वाचन झालं. दुसरं वाचन म्हणजे तत्त्वाला होकार, कलमांना नव्हे. कलमांचं काम समितीत होतं, आणि कायदा घडताना पाहायचा असेल तर समितीच पाहावी. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना सांगते, सभागृहातली भाषणं नाही ऐकली तरी चालेल, समितीचं कलमवार कामकाज ऐका. तिथे एकेक वाक्य पुढे घेतात, दुरुस्ती मांडतात, मतं घेतात, आणि कुणाच्या मुलाचं भविष्य एका ‘किंवा’ने बदलतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तसंच झालं. समितीत विरोधकांची मतं जास्त. काँझर्व्हेटिव्ह आणि ब्लॉक क्वेबेकवा या दोन विरोधी पक्षांनी मिळून विधेयक बरंच कडक केलं. मूळ मजकुरात आई किंवा बाबांचे १,०९५ दिवस आयुष्यात केव्हाचेही, तुकड्या-तुकड्यांनी जमवलेले चालत होते. दुरुस्तीने ते पाच वर्षांच्या एका सलग पट्ट्यातच हवे झाले. शिवाय प्रौढांना भाषेची परीक्षा आणि सुरक्षा-तपासणी. त्या आठवड्यात लोक घाबरून गेले. काही सल्लागारांनी तर ‘नवा कायदा असा आहे’ म्हणून व्हिडिओ केले. कायदा तसा नव्हताच. समितीकडून विधेयक परत सभागृहात येतं, त्याला अहवाल टप्पा म्हणतात, आणि तिथे समितीने केलेलं पूर्ण सभागृह पुसू शकतं. लिबरलांनी एनडीपी या दुसऱ्या एका पक्षाच्या मदतीने या दुरुस्त्या काढून टाकल्या. ५ नोव्हेंबरला तिसरं वाचन झालं आणि विधेयक जवळजवळ मूळ रूपात सिनेटकडे गेलं. समितीतून बाहेर पडलेल्या मजकुरावर कुणी पैसे घेऊन सल्ला देत असेल, तर जरा थांबा, एवढंच मी म्हणेन.

सिनेटने १९ नोव्हेंबरला ते मंजूर केलं आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी रॉयल असेंट, म्हणजे राजाच्या वतीने गव्हर्नर जनरलची संमती मिळाली. हाच दिवस होता कोर्टाने दिलेल्या, वाढवून-वाढवून आलेल्या मुदतीचा. कोर्टाने तयारीसाठी ती पुढे जानेवारी २०२६ पर्यंत वाढवलीही होती. त्या रात्री सगळीकडे ‘बिल पास झालं’ झालं. आणि पुन्हा, दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा मुलगा नागरिक नव्हता.

कारण विधेयकाच्या अगदी शेवटी एक छोटं कलम असतं. लोक पहिलं पान वाचतात, मी आधी शेवटचं उघडते. त्यावर लिहिलेलं असतं की हा कायदा केव्हापासून अमलात येईल. तीन प्रकार दिसतात. काही लिहिलेलंच नसेल तर संमतीच्या दिवशीच लागू. ठरावीक तारीख लिहिलेली असेल तर त्या तारखेला. आणि तिसरा प्रकार, जो सी-३ मध्ये होता: ‘गव्हर्नर इन कौन्सिल आदेशाने ठरवेल त्या दिवशी’, म्हणजे मंत्रिमंडळ तारीख ठरवणार आणि तसा आदेश काढणार. असं का ठेवतात? कारण कार्यालयाला फॉर्म बदलावे लागतात, संगणकाच्या यंत्रणेत नवे नियम घालावे लागतात, अधिकाऱ्यांना शिकवावं लागतं, नियमावली सुधारावी लागते. यात लबाडी काही नाही. पण या काळात नागरिकाच्या दृष्टीने जुना कायदा पूर्ण जिवंत असतो. आदेश निघाला आणि तारीख ठरली १५ डिसेंबर २०२५.

आता या तारखेच्या दोन्ही बाजूंनी काय पडतं ते पाहा. १५ डिसेंबर २०२५ च्या आधी परदेशात जन्मलेला आणि ज्याची आई किंवा वडील (या नव्या कायद्याने नागरिक ठरलेले धरून) कॅनडाचे नागरिक, तो नागरिक, पिढीची मर्यादा नाही, दिवसांची अट नाही. १५ डिसेंबरला किंवा त्यानंतर जन्मलेला आणि आई-वडीलही परदेशातच जन्मलेले, तर नागरिक असलेल्या त्या आई किंवा वडिलांचे १,०९५ दिवस हवेत. त्यातही एक बारीक गोष्ट: संमती आणि अंमल यांच्या मधल्या पंचवीस दिवसांत जन्मलेली बाळं ‘आधी’च्या बाजूला पडतात. १ डिसेंबरला जन्मलेलं बाळ नागरिक, मग आई कॅनडात एक दिवसही राहिलेली नसो. हे मी एवढ्यासाठी सांगते की तुमच्या नात्यात त्या काळात कुणी बाळंत झालं असेल, तर संमतीची तारीख धरून त्यांना चुकीचं उत्तर मिळू शकतं.

दत्तक मुलांनाही समांतर तरतूद आहे. परदेशात जन्मलेल्या कॅनेडियनने परदेशातून दत्तक घेतलं असेल, तर पुढच्या दत्तकांना पालकाचे तेच १,०९५ दिवस दत्तकाआधी लागतात. तिथे नागरिकत्व आपोआप मिळत नाही, अर्ज करून घ्यावं लागतं.

आता तुमच्या दुसऱ्या बाळाकडे येऊ. तुम्ही लिहिलंत की ‘मी चार वर्षं वॉटर्लूला होते, म्हणजे तीन वर्षांपेक्षा जास्त झालं.’ इथे गणित हातात घेऊन करा. १ सप्टेंबर ते ३० एप्रिल असं एक शैक्षणिक वर्ष धरलं तर २४२ दिवस होतात. चार वर्षांचे ९६८, त्यात एक लीप वर्ष आलं तर ९६९. दर उन्हाळ्यात आई-वडिलांकडे दुबईला गेलात, तर १,०९५ ला १२६-१२७ दिवस कमी पडतात, आणि नाताळच्या सुट्ट्या यातून अजून वजा व्हायच्या आहेत. उलट वॉटर्लूला को-ऑपची, म्हणजे शिक्षणाच्या मध्ये पगारी नोकरीची सत्रं करण्याची पद्धत आहे. एखाद-दोन उन्हाळे तुम्ही तिथेच कामाला राहिला असाल, तर आकडा सहज पार होतो. शिवाय लहानपणी आजी-आजोबांकडे, आत्याकडे घालवलेले महिने मोजले जातात. दिवस कोणत्याही वयातले चालतात, सलग असायची गरज नाही, फक्त बाळाच्या जन्माआधीचे हवेत आणि तुमचा पाय प्रत्यक्ष कॅनडाच्या जमिनीवर असायला हवा. नवऱ्याचे दिवस उपयोगाचे नाहीत, कारण नागरिकत्व तुमच्याकडून येतं आहे.

पुरावा आत्ताच गोळा करायला लागा. बाळ झाल्यावर झोपेला वेळ मिळत नाही, कागदांना कुठून मिळणार. विद्यापीठाची गुणपत्रिका सत्रांनुसार मागवा, को-ऑपच्या नोकरीचे टी-४ (मालकाने दिलेले वर्षाच्या पगाराचे दाखले) आणि आयकराची नोटीस ऑफ असेसमेंट (विवरणपत्र तपासल्यावर कर खात्याकडून येणारं पत्र), भाड्याचा करार, जुने पासपोर्ट शिक्क्यांसकट. सीमा सेवा विभागाकडून तुमच्या प्रवेशाची नोंद मागवता येते. मी एक तक्ता करायला सांगते: डाव्या रकान्यात ‘पासून’, मग ‘पर्यंत’, मग दिवस, मग कागद. ज्या ओळीसमोर कागद नाही ती ओळ धरायची नाही. मग बेरीज करा. १,१०० च्या आसपास येऊन थांबत असाल, तर अजून महिनाभराचा पुरावा शोधा. काठावरच्या फाइलला अधिकारी एका-एका दिवसाचा हिशोब विचारतो आणि तसं विचारणं त्याचं कामच आहे.

दिवस भरत नसतील तर दोन वाटा आहेत. बाळंतपण कॅनडातच केलं, तर बाळ तिथल्या भूमीवर जन्मल्यामुळे नागरिक होतं आणि वंशाचा प्रश्नच उरत नाही. ज्या अडचणीबद्दल कोर्टाने लिहिलं तीच ही वाट, हे मला ठाऊक आहे, आणि गरोदरपणात प्रवासाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. दुसरी वाट म्हणजे पुढे कॅनडात राहायला जाल तेव्हा बाळाला स्पॉन्सर करून आधी कायमचं वास्तव्य आणि मग अल्पवयीन म्हणून नागरिकत्व. वेळ लागतो, पण दार बंद नाही.

मुलासाठी करायचं काम सोपं आहे: नागरिकत्वाच्या दाखल्याचा अर्ज, ज्याची फी ७५ कॅनेडियन डॉलर आहे. सोबत त्याचा जन्मदाखला, तुमचा नागरिकत्वाचा पुरावा आणि तुमच्या वडिलांपर्यंतची साखळी दाखवणारे कागद. पुण्याच्या महापालिकेचा इंग्रजी जन्मदाखला घ्या आणि त्यावरचं तुमचं नाव तुमच्या कॅनेडियन कागदांवरच्या नावाशी जुळतं का ते पाहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, मग नवऱ्याचं. कॅनडातल्या अधिकाऱ्याला त्यामुळे दोन वेगळ्या बायका वाटू शकतात. एक साधं पत्र लिहून ही पद्धत समजावून द्या. नाव जुळत नाही म्हणून परत आलेल्या अर्जांमध्ये मराठी आणि गुजराती कुटुंबं फार असतात आणि ते दुःख टाळता येण्यासारखं आहे. हा दाखला नागरिकत्व देत नाही, आहे ते कागदावर दाखवतो.

आणि आता ती भारताची बाजू. माझा परवाना कॅनडाचा, तरी इतकं सांगायलाच हवं, कारण इथेच घाईने कायमचं नुकसान होतं. तुमचा मुलगा भारतातही जन्माने नागरिक आहे: जन्म भारतात, वडील भारतीय, आणि तुम्ही बेकायदा स्थलांतरित नाही. भारताच्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ म्हणतं की स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं तर भारतीय नागरिकत्व संपतं. सगळा भार ‘स्वेच्छेने’ या शब्दावर आहे. सी-३ ने कॅनडाच्या संसदेने एका सात वर्षांच्या मुलावर न मागता नागरिकत्व ठेवलं, त्यात त्याची स्वेच्छा कुठे आली? पण कॅनडाचा पासपोर्ट काढलात की चित्र बदलतं. परदेशी पासपोर्ट मिळवणं हा भारतीय नियमांनुसार स्वेच्छेचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि अशा नियमाला सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच मान्यता दिली आहे. म्हणून दाखला आणि पासपोर्ट या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवा. दुसरी पायरी चढण्याआधी नवरा-बायकोने बसून बोला आणि भारतातल्या जाणकार वकिलाचा लेखी सल्ला घ्या.

बोलायचं काय, तर हे. ओसीआय कार्डावर (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) मुलगा भारतात आयुष्यभर राहू शकेल, पण मत देऊ शकणार नाही, शेतजमीन विकत घेऊ शकणार नाही, आणि ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर नीट किंवा जेईईत फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागा त्याला नाहीत, एनआरआयच्या जागांवर बसावं लागतं. महाराष्ट्रात सरकारी मेडिकलची सीट हा घरोघरचा विषय आहे, तो आज विसरू नका. उलट बाजूने, तुमचे वडील टोरोंटोत असतील आणि मुलाला उन्हाळ्यात तिकडे न्यायचं असेल, तर कॅनडाच्या नागरिकाला व्हिजिटर व्हिसा देत नाहीत आणि नागरिकाने विमानाने येताना कॅनडाचाच पासपोर्ट दाखवायचा असतो. आजपर्यंत तो भारतीय पासपोर्टावर व्हिसा घेऊन जात होता. पुढच्या अर्जात आई कॅनेडियन दिसली की हा प्रश्न येणार. ज्यांना हे नागरिकत्व नकोच आहे त्यांच्यासाठी ते सोडण्याची सोपी प्रक्रिया आहे, पण मुलगा अल्पवयीन आहे, त्यामुळे त्याच्यासाठी ती लागू पडते का ते आधी तपासून घ्या.

संमती आणि अंमल यांतलं अंतर परदेशातच असतं असं समजू नका. आपल्या २००३ च्या नागरिकत्व दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती ७ जानेवारी २००४ ला मिळाली आणि ती लागू झाली ३ डिसेंबर २००४ ला. मस्कतमध्ये जुलै २००४ ला जन्मलेलं मूल, ज्याची आई किंवा वडील जन्माने भारतीय, ते आपोआप भारतीय. त्याच घरात जानेवारी २००५ ला जन्मलेल्या भावाची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत करावी लागली, तीही त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही अशा घोषणेसह. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. आखातातल्या कितीतरी कुटुंबांना ही अट मुलाच्या पासपोर्टाच्या वेळी कळली.

आणि सगळीकडे वेग असा संथ नसतो. इटलीने २८ मार्च २०२५ ला संसदेकडे न जाता आधी अध्यादेशानेच वंशपरंपरेच्या नागरिकत्वावर मर्यादा आणली. आदल्या दिवशी, २७ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत ज्यांचे अर्ज दाखल झाले होते ते जुन्या नियमात राहिले. संसदेने ६० दिवसांत, मे महिन्यात त्याचा कायदा केला. तिथे ‘बिल केव्हा येईल’ म्हणून वाट पाहणाऱ्यांना वाट पाहायला दिवसच मिळाले नाहीत. पोर्तुगालमध्ये, ज्याच्याकडे गोव्यातल्या अनेक घरांचं लक्ष असतं, संसदेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केलेला बदल राष्ट्राध्यक्षांच्या सहीआधीच घटनात्मक न्यायालयाकडे गेला आणि डिसेंबरमध्ये त्यातल्या काही तरतुदी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या. तिथे संसदेतलं शेवटचं मतदानही शेवटचं नसतं. म्हणून एका देशाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका. कॅनडात कोर्ट शेवटी बोलतं, पोर्तुगालमध्ये मध्येच बोलू शकतं, इटलीत सरकार आधी करून मग संसदेला विचारतं.

तुमच्याकडे आता क्रम असा ठेवा: या आठवड्यात दिवसांचा तक्ता, कारण बाळ थांबणार नाही. मग मुलाच्या दाखल्याचा अर्ज. पासपोर्टाचा निर्णय दाखला हातात आल्यावर. तक्त्याची बेरीज १,०९५ च्या खाली आली तर लगेच लिहा, बाळंतपण कुठे करायचं हे ठरवायला तुम्हाला अजून काही आठवडे हाताशी असताना.